मधेच तंबोरा थांबतो: ॲप, व्हिडिओ साईट की आपला साठा?

सतार, सरोद, बासरी नव्याने ऐकायला लागलेल्या दोनतीन ओळखीच्यांनी गेल्या वर्षात मला एकच प्रश्न विचारला, की पैसे भरून ॲप घेऊ, का व्हिडिओ साईटवर फुकट मिळतंय तेच ऐकत राहू, का तुझ्यासारखी हार्डडिस्क भरत बसू. मी तिन्ही केलंय, अजूनही थोडंथोडं तिन्ही करतो, त्यामुळे माझं मत एकतर्फी नाही असं आपलं मला वाटतं. घरच्यांना तसं वाटत नाही.

ॲपला नावं ठेवणं सोपं आहे, पण खरं सांगायचं तर झिया मोहिउद्दीन डागरांची रुद्रवीणा मी पहिल्यांदा ॲपवरच ऐकली. विलायत खाँसाहेबांचा सतारीवरचा यमन राग शोधत होतो, तिथून सूरबहार, म्हणजे खालच्या सुरांची मोठी सतार, तिथून वीणा, रात्रीचे दोन वाजले. दुकानात जाऊन ती सीडी मी कधीच उचलली नसती, कारण असं काही मागायचं असतं हेच माहीत नव्हतं. नवीन वाद्य, नवीन घराणं चाखून बघायचं असेल तर ॲपच बरं, यात वाद नाही. आवाजाच्या क्वालिटीत मी शिरत नाही, ती आता सगळीकडे पुरेशी असते, आणि फोनच्याच स्पीकरवर ऐकणार असाल तर वीणेचा खर्ज, म्हणजे अगदी खालचे सूर, कुठूनही ऐका, गायबच होणारे. बासरी आणि संतूर त्यातून बऱ्यापैकी वाचतात.

आता माझं दुखणं. वाजवणारा माणूस तबल्याशिवाय संथ आलाप, मग लय धरून जोड, मग वेगवान झाला, मग तबल्याबरोबर विलंबित म्हणजे संथ गत, मग द्रुत म्हणजे जलद असं तासदीड तास एका बैठकीत वाजवतो. सीडी काढणाऱ्यांनी सोयीसाठी त्याचे तीनचार ट्रॅक पाडले, आणि सीडी प्लेअरवर त्याचा काही त्रासही नव्हता, ते एकाला एक चिकटून वाजायचे. तेच ॲपवर आलं की दोन ट्रॅकच्या मधे अर्धा सेकंद, कधी त्याहूनही कमी, आवाज बंद. सिनेमाच्या गाण्यांना याने काही फरक पडत नाही, एक गाणं संपतं, दुसरं सुरू होतं. पण इथे मागे तंबोरा चालू असतो ना! तो तुटतो. पाऊण तास कान त्या षड्जावर, म्हणजे सा वर, टेकून बसलेले असतात, आपण तंबोरा ऐकतोय हेसुद्धा विसरलेलो असतो, आणि सतारीवर निखिल बॅनर्जी आलाप आवरून आता जोडाची लय धरणार तेवढ्यात ॲप खालची जमीनच काढून घेतं. परत सुरू होतो, पण आपण आता खोलीत असतो, पंखा ऐकू येतो, बाहेरची रिक्षा ऐकू येते. एका राग मारव्याच्या वेळी तर मी उठून स्पीकरची वायर हलवून बघितली होती.

यावर लोक सांगतात की सेटिंग असतं, सलग वाजवायचं. असतं, मी लावलंय. फोनला वायरचा हेडफोन लावून ऐकलं तर बहुतेक वेळा ठीक चालतं, हॉलमधल्या स्पीकरवर पाठवलं की परत भोक पडतं. कदाचित माझाच स्पीकर जुना असेल, तुमच्याकडे होणार नाही असंही असेल. दुसरं एक सेटिंग असतं आवाज सारखा करायचं, ते मात्र आठवणीने बंद करा, कारण काही वेळा ते प्रत्येक ट्रॅक सुटा मोजतं आणि मंद आलापाला उचलून झाल्याच्या बरोबरीला आणून बसवतं, म्हणजे वादकाने तासभर जो चढ रचत आणलाय तो सपाट. आणि सकाळच्या रागांची तयार यादी लावली तर तिसऱ्या नंबरला मारवा, सूर्यास्ताचा राग. सकाळी साडेसातला. समयाचं बंधन मी फार कट्टरपणे पाळतो असं नाही, पण मग यादीला सकाळ हे नाव तरी देऊ नका.

व्हिडिओ साईटचं गणित वेगळं. तिथे सलग मिळतं, अख्खी मैफल एका तुकड्यात, हा मोठाच फायदा आहे. शिवाय जे कुठल्या कंपनीने कधी काढलंच नाही ते तिथे आहे. अन्नपूर्णादेवींनी जाहीर कार्यक्रम १९५० च्या दशकातच थांबवले, त्यांची सूरबहार आज आपल्या कानावर पडते ती कुणीतरी खाजगीत करून ठेवलेल्या टेपांमुळेच, आणि ॲपवर अशा टेपा शोधत बसण्यात अर्थ नाही. खाली कमेंटमधे काही म्हातारे रसिक असतात त्यांना तर दंडवत. एकाने पूरिया म्हणून टाकलेल्या सरोदाखाली दुसरा शांतपणे लिहितो की साहेब हा मारवा आहे, स्वर तेच असले तरी जोर रे-ध वर आहे, ग-नी वर नाही, आणि तबल्यावर कोण आहे तेही सांगून जातो. एवढं शिक्षण मला कुठल्या सबस्क्रिप्शनमधे मिळालेलं नाही. पण जाहिराती! आलापाच्या चौदाव्या मिनिटाला, कोमल रिषभावर मींड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं, चाललेली असताना, घर घ्या. पैसे भरले की जाहिराती जातात, मान्य, पण वादन जातं त्याचं काय? जपून ठेवलेल्या माझ्या यादीतली सातआठ वादनं आज नुसत्या राखाडी चौकोनी खिडक्या आहेत. त्यातलं एक व्ही. जी. जोगांच्या व्हायोलिनचं होतं, ते कुठलं, कधीचं, काहीच लिहून ठेवलं नव्हतं, आता शोधू तरी कसा.

राहिला आपला साठा. हा उद्योग कंटाळवाणा आहे हे आधीच सांगतो. घरात कॅसेटी असतील तर नव्वद मिनिटांची कॅसेट उतरवायला नव्वद मिनिटंच लागतात, शॉर्टकट नाही. रिळावर बुरशी असेल तर ती डेकमधे घालूच नका, दुसऱ्या कॅसेटींनाही लागते. आणि जुना डेक थोडा पळत असतो. मला हे उशिरा कळलं, वीसेक कॅसेटी उतरवून झाल्यावर, एकदा सहज तंबोऱ्याचं ॲप शेजारी लावून बघितलं तर प्रत्येक वादकाचा सा पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी लोंबकळत होता. सगळेच वादक असे जुळवणार नाहीत. मग सगळ्यांची स्पीड कमी करत बसलो, नुसता सूर उतरवायचा नाही, स्पीडच कमी करायची, म्हणजे लयही जागेवर येते. कॅसेटीतही तुकडा पडतोच म्हणा, पंचेचाळीस मिनिटांनी बाजू उलटायला लागायची. पण तिथे निदान आवाज हळूहळू उतरवायचे, आणि उठून कॅसेट उलटणारे आपण असायचो, तयारी असायची. त्याच्याही आधी १९५५ साली अली अकबर खाँसाहेबांच्या सरोदाची जी एलपी अमेरिकेत निघाली तिच्यात एका बाजूला सिंधुभैरवी, दुसऱ्या बाजूला पिलू, म्हणजे राग बाजूत मावेल एवढाच वाजवलेला. तुकडा वादकाने पाडला तर तक्रार नाही, मशीनने पाडला की आहे.

कॅसेटी नसतील तर सीडी घ्या किंवा विकत डाउनलोड करा, अजून मिळतं. तासभराची सीडी कच्ची ६३५ एमबीच्या आसपास भरते, फ्लॅक केली, म्हणजे आवाज न बिघडवता दाबून लहान केली, की साधारण निम्मी, आजच्या डिस्कला हे काहीच नाही. आणि मग मी जे करतो ते करा, ऑडॅसिटी या आवाज जोडण्या-कापण्याच्या फुकट सॉफ्टवेअरमधे चारही ट्रॅक एकामागे एक ठेवून एकच फाईल करून टाका. दहा मिनिटांचं काम. तंबोरा सुरुवातीपासून शेवटपर्यंत अखंड. नाव देताना राग, वाद्य, वादक, तबला, साल, याच क्रमाने आणि देवनागरीतच, कारण इंग्रजीत नुसत्या राग या शब्दाची तीन स्पेलिंगं आहेत आणि यमनची मी मोजणं सोडून दिलंय. तबलजीचं नाव लिहाच, ॲपवाले अनेकदा ते गाळतात आणि मला ते बरं वाटत नाही.

धोका एकच, डिस्क मरते. माझी एक मेली, दुसरी कॉपी नव्हती, चार महिन्यांचे रविवार गेले. तेव्हापासून दोन डिस्का, एक भावाच्या घरी.

दुसऱ्याला ऐकवायचं म्हटलं तर लिंक पाठवणं सगळ्यात सोपं, आणि पैशाचं ॲप नकोच असं म्हणणाऱ्यांसाठी २०१६ पासून आकाशवाणीचं रागम् आहे, चोवीस तास शास्त्रीय, फुकट. पण लिंकचा माझा अनुभव असा की एका मित्राला दरबारी पाठवला, त्याने जिथे बोट लागलं तिथून, म्हणजे थेट द्रुत गतीपासून ऐकला आणि म्हणाला छान आहे रे, फास्ट आहे एकदम. दरबारी, इतका संथ, गंभीर राग! एक सलग फाईल असली की माणूस निदान सुरुवातीपासून सुरू तरी करतो. प्रसिद्ध झाल्यावर ६० वर्षं उलटलेली रेकॉर्डिंगं आपल्याकडच्या कायद्याने मोकळी होतात, ती मी खुशाल देतो, बाकीची पाठवत बसत नाही, त्यापेक्षा लोकांना घरी बोलावतो. चौघं येतात, दिवा मंद करून बसतो, फोन दुसऱ्या खोलीत.

तेव्हा नुकतीच सुरुवात असेल तर वर्षभर ॲप घ्या, मनसोक्त भटका, काय आवडतं ते कळू द्या. मात्र जे वादन तुम्ही चौथ्यांदा लावलंत ते विकत घेऊन आपल्या डिस्कवर आणा, असं मी तरी करीन. पटत नसेल तर एकच राग घ्या, आलाप आणि जोड वेगळ्या ट्रॅकवर असलेला, रात्री सगळं सामसूम झाल्यावर ॲपवरून स्पीकरवर लावा, दुसऱ्या रात्री तोच जोडून एक केलेल्या फाईलवर ऐका, आणि आलाप संपतो तिथे सतारीकडे लक्ष देऊ नका, मागच्या तंबोऱ्याकडे द्या.