मोठ्या इग्वानाचं घर: मरीन प्लाय की अॅल्युमिनियम?

इग्वाना, म्हणजे पाळला जाणारा परदेशी हिरवा सरडा, मोठा व्हायला लागला की काचेची टाकी त्याला पुरत नाही, हे पाळणाऱ्याला वेगळं सांगायला नको. पूर्ण वाढलेला नर शेपटीसकट पाच फुटांच्या आसपास, कधी त्याहून मोठा होतो. शिवाय हा झाडावर राहणारा प्राणी. त्यामुळे सहा फूट उंच, सहा फूट लांब आणि तीन फूट खोल हे मी किमान माप धरतो. एवढं घर तयार मिळणं कठीण, बहुतेकांना बनवूनच घ्यावं लागतं. मग सुताराकडून मरीन प्लायचं कपाट करून घ्यायचं, की खिडक्या बनवणाऱ्या फॅब्रिकेटरकडून अॅल्युमिनियम सेक्शनची चौकट आणि पीव्हीसी फोम बोर्डच्या भिंती? मी दोन्ही वापरलं आहे. पुण्यातच, एकाच नरासाठी. आधी प्लाय, आता अॅल्युमिनियम.

बाल्कनीला जाळी मारून तिथेच ठेवावा का, असंही अनेकजण विचारतात. उन्हाला तोड नाही, हे खरंच. खिडकीच्या काचेतून उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण आत येत नाहीत, त्यामुळे घरात काचेमागे पडणाऱ्या उन्हात ऊब मिळते पण हाडांना लागणारं काही मिळत नाही. म्हणून सकाळी तास-दोन तास जाळीच्या बाल्कनीत सोडायला जरूर जागा करा, आणि तिथे सावलीचा एक कोपरा ठेवा. पण कायमचं घर म्हणून जाळी मला पटत नाही. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत काही रात्री पारा दहाच्या खाली उतरतो. शिवाय कावळे आणि मांजरं जाळीबाहेर येऊन बसली की हा जाळीवर नाक घासत राहतो आणि नाकाची कातडी सोलवटते. कोकणात हिवाळा सौम्य असतो, तिथल्या लोकांचं मत वेगळं असू शकेल.

आता प्लाय. त्याची बाजू आधी सांगतो, कारण ती भक्कम आहे. प्लाय ऊब धरून ठेवतो. थंडीच्या रात्री सिरॅमिक हीटर (उजेड न देता ऊब देणारा) कमी वेळ चालू राहायचा, हे मला थर्मोस्टॅटच्या दिव्यावरून दिसायचं. प्लायला स्क्रू कुठेही बसतो आणि धरतो. फळी, फांदी, यूव्हीबी ट्यूबची पट्टी, सगळं भिंतीलाच लागतं. चार किलोंचा प्राणी वरच्या फांदीवरून खालच्या फळीवर उडी टाकतो तेव्हा या पकडीचं महत्त्व कळतं. तीन बाजू बंद, आत थोडा अंधार, आवाज कमी, म्हणून बुजऱ्या प्राण्याला ते घर लवकर आपलं वाटतं. वरून सनमायका लावला की हॉलमध्ये ते कपाटच दिसतं. घरातल्या मोठ्यांचा विरोध मावळायला याचा बराच उपयोग होतो. आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का बघून घेतलेला मरीन प्लाय ओलीत सहसा सुटत नाही. आयएस ३०३ वाला साधा प्लाय त्याहून स्वस्त पडतो, पण या कामाला मी तो घेणार नाही.

पण घराच्या आत काय चाललेलं असतं तेही बघा. हवेतली आर्द्रता साठ ते ऐंशी टक्के, बारा महिने. तळाशी पाण्याचं घमेलं, ज्यात हा डुंबतो आणि बहुतेक वेळा घाणही त्यातच करतो. बाहेर येताना ओली शेपटी भिंतींवर आपटतो. प्लायच्या सपाट पृष्ठभागाला याचं काही होत नाही. पाणी शिरतं ते कडांतून आणि स्क्रूच्या भोकांतून. इपॉक्सीचे दोन-तीन हात आणि प्रत्येक सांध्यात सिलिकॉन भरलं तर वर्षानुवर्षं निभावतं, हे मान्य. फक्त ट्यूबची उंची बदलायची झाली की नवं भोक पडतं, आणि ते भोक पुन्हा बुजवावं लागतं. यूव्हीबी ट्यूब प्राण्याच्या पाठीपासून साधारण फूट-दीड फुटावर हवी. फांद्या बदलल्या की ट्यूब हलवणं आलंच.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. माझा निर्णय झाला तो दारावर.

प्लायच्या कपाटाचं दार प्लायच्याच खोबणीत सरकायचं. जून उजाडला की खालची कड फुगायची आणि दार जुन्या वाड्याच्या दारासारखं अडायचं. सुतार येऊन रंधा मारून जायचा. मग मार्च-एप्रिलमध्ये तीच कड सुकून फट पडायची आणि आतली आर्द्रता बाहेर निसटायची. नुसता कटकटीचाच प्रश्न असता तर ठीक होतं. पण अडलेलं दार दोन्ही हातांनी हिसका देऊन उघडावं लागतं, त्याचा खर्रकन आवाज होतो आणि ते एकदम सुटतं. दारामागे बसलेल्या इग्वानाच्या दृष्टीने तो हल्लाच असतो. अंग चपटं करून, गळ्याची पाळ ताणून तो शेपटी उगारायचा, नाहीतर थेट समोरच्या काचेवर झेप घ्यायचा. नाक सोलवटायचं ते तेव्हाच. कितीतरी महिने जास्वंदीची फुलं दाखवून दाखवून ज्याला हातावर खायला शिकवलं, तो पावसाळ्यात दाराला हात लागल्याचा आवाज आला की वरच्या कोपऱ्यात जाऊन बसायला लागला. या प्राण्याचा विश्वास फार हळू मिळतो आणि पटकन जातो. दार दिवसातून चार-पाच वेळा उघडायचंच असतं: पाला घालायला, पाणी बदलायला, साफ करायला. म्हणून बाकी सगळ्या गुणांपेक्षा दार कसं उघडतं हे मला मोठं वाटतं.

अॅल्युमिनियमच्या दोन-ट्रॅक सेक्शनमध्ये रोलरवर चालणारं काचेचं दार बोटाने सरकतं. जुलैतही आणि मेमध्येही. एवढ्याने फरक पडला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. नर वयाने निवळतो, माजाचा काळही दरवर्षी सारखा जात नाही, आणि त्याचं घर बदललं तेव्हा ते ठेवायची खोलीही बदलली होती. पण आता दार सरकताना हा जागचा हलत नाही, शेवग्याचा पाला दिसला तर खालच्या फांदीवर उतरून येतो. माझ्यापुरतं तेवढं पुरेसं आहे.

अॅल्युमिनियमच्या उणिवाही आहेत. धातू थंडी आत आणतो. हिवाळ्यात सकाळी सेक्शनवर दव धरलेलं दिसतं आणि हीटर प्लायच्या मानाने जास्त वेळ चालतो. भिंतींना १८ मिलिमीटरचा फोम बोर्ड लावला तर हे बरंच आटोक्यात येतं. नुसत्या पातळ एसीपी (अॅल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनल) शीटच्या भिंती केलेलं एका ओळखीच्यांचं घर मी पाहिलं, ते तापवता तापवता त्यांच्या नाकी नऊ आले होते. फोम बोर्डात स्क्रू धरत नाही, म्हणून फांद्या आणि फळ्या चौकटीलाच बोल्टने बसवायच्या, बोर्डाला कधीही नाही. हा बोर्ड उष्णतेने मऊही पडतो. बास्किंग बल्ब (प्राण्याला शेकायला लावलेला) त्याच्या जवळ नको, आणि छताला त्या जागी सिमेंट शीटचा तुकडा लावून घ्या. बल्बभोवती जाळीचा पिंजरा दोन्ही प्रकारच्या घरांत हवाच. इग्वाना तापलेल्या बल्बला अंग टेकून बसतो आणि भाजलं तरी लवकर हलत नाही.

अॅल्युमिनियम घेणार असाल तर एक गोष्ट टाळू नका: चौकटीला अर्थिंग करून घ्या आणि त्या लाइनवर आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा. आत पाणी, ओलसर हवा, दोन-तीन विजेची उपकरणं आणि बाहेर धातूची चौकट, असा हा सगळा प्रकार आहे. फॅब्रिकेटर हे सांगत नाही, ते त्याचं कामही नाही. इलेक्ट्रिशियनला वेगळं बोलवा.

साफसफाईत मात्र तुलनाच नाही. इग्वाना शिंकून अंगातलं जादा मीठ नाकावाटे टाकतो, त्याचे पांढरे ठिपके काचेवर आणि भिंतींवर रोज उमटतात. फोम बोर्डवरून ते ओल्या फडक्याने निघतात. सांध्यांत वास मुरत नाही. आणि आपल्यालाच राहतं घर बदलायची वेळ आली तर चौकट बोल्ट काढून सुटी होते. १८ मिलिमीटर प्लायची आठ बाय चार फुटांची एक शीट पस्तीस किलोंच्या आसपास भरते, आणि या मापाला तशा जवळजवळ चार लागतात. शिवाय तीन फूट खोल असं जोडलेलं कपाट फ्लॅटच्या दारातून जाईलच असं नाही.

खर्चाचं सांगायचं तर अॅल्युमिनियम महाग पडलं. पण प्लायमध्ये इपॉक्सी, सिलिकॉन, सनमायका आणि सुताराच्या पुन्हा पुन्हा होणाऱ्या फेऱ्या धरल्या तर अंतर वाटतं तेवढं राहत नाही, असा माझा अनुभव आहे.

प्लाय कुणी घ्यावा? जिथे हिवाळा कडक आणि हवा कोरडी, घर स्वतःचं आणि सुतार जवळचा, तिथे प्लाय चुकीचा नाही. विदर्भातल्या कुणी तो निवडला तर मी वाद घालणार नाही. फक्त दार तेवढं अॅल्युमिनियमच्या ट्रॅकवरचं करून घ्या, असं आवर्जून सांगेन. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथे मात्र मला प्लायचा धीर होत नाही.

हे सगळं नोंदणी केलेल्या इग्वानाबद्दल आहे. इग्वाना साइट्सच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) परिशिष्ट दोनमध्ये येतो, आणि वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती व २०२४ चे नियम यांप्रमाणे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद लागते. घोरपड त्याच कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहे, ती घरात ठेवणं गुन्हा आहे. तिच्यासाठी घर कसं बांधू, असं कुणी विचारलं तर मी वनखात्याला कळवायला सांगतो.

फॅब्रिकेटरकडे जाताना मापं कागदावर काढून न्या आणि ही चार कामं लिहूनच द्या. दार मधोमध न करता एका टोकाला ठेवायचं, म्हणजे फांदीवर बसलेल्या प्राण्याच्या डोक्यावर हात येणार नाही. ट्रॅक जमिनीपासून फूटभर वर घ्यायचा, खाली बंद पट्टी ठेवायची, म्हणजे पाणी आणि पाला ट्रॅकमध्ये जाणार नाही. सरकत्या दाराला कुलूप हवं, कारण नखं अडकवून दार सरकवणं इग्वाना लवकर शिकतो. मादी असेल तर तळाशी ओल्या मातीचं मोठं खोकं मावेल एवढी जागा आत्ताच सोडायची; नर नसला तरी ती अंडी घालते, आणि तेव्हा जागा शोधायला वेळ नसतो.