टेली-मानस १४४१६: ओमानहून परतलेल्या भावासाठी केलेला फोन

टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनबद्दल मुद्दाम लिहितेय. बऱ्याच जणांना वाटतं, पेशंट स्वतः बोलायला तयार असेल तरच तिथे फोन करायचा. तसं नाही, घरच्यांनाही करता येतो. मी बहीण म्हणून केला.

माझा धाकटा भाऊ ओमानला वेल्डर होता. साइटवर स्कॅफोल्डिंग कोसळलं आणि त्याच्याच खोलीत राहणारा मुलगा त्याच्या डोळ्यांदेखत गेला. भाऊ नाशिकला सिडकोतल्या घरी आला तो अंगाने धडधाकट, पण बोलणं बंद. रात्रभर जागा, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायचा. भेटायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न एकच, "किती कमावून आणलंस?" एजंटासाठी काढलेलं कर्ज अजून फिटलेलं नाही, हे माहीत असूनही. कोणी "नशीबवान, वाचलास" म्हणालं की हा उठून गच्चीवर निघून जायचा.

एका रात्री सगळे झोपल्यावर मी नंबर लावला. ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत. मी मराठी भाषा निवडली. पलीकडच्या ताईंनी मला मध्ये न तोडता सगळं ऐकून घेतलं. मग झोप, जेवण, दारू, हे किती आठवडे चाललंय, असं एकेक विचारलं. आणि सरळच, "जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोलतो का?" मी घाबरलेच. त्या म्हणाल्या, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते.

पण मला सगळ्यात मोलाचा वाटला तो पुढचा प्रश्न: "घरात तो कोणाजवळ बसतो?" आई मेथी निवडायला बसली की तिच्याजवळ येऊन बसतो, एवढंच मला सांगता आलं. "मग तिथूनच सुरू करा. अपघाताचं खोदून विचारू नका, बोलला तर फक्त ऐका." मोठ्या आघातानंतर माणूस कितपत सावरतो, यात आधाराचा वाटा मोठा असतो, हे संशोधनातही पुन्हा पुन्हा दिसलंय. पण घरात पाहुण्यांची रीघ लागणं म्हणजे आधार नव्हे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आम्ही भेटीगाठी थांबवल्या. त्याचा सातपूरच्या आयटीआयमधला मित्र मात्र दर रविवारी येतो, त्याला मिसळ खायला घेऊन जातो. गेलेल्या मुलाचं नाव भावाने पहिल्यांदा घेतलं ते त्याच्याजवळ. तो पोरगा रात्रपाळीला जाताना दोघांची डाळ भिजत घालून जायचा म्हणे.

फोनवरच्या बोलण्यावर सगळं भागत नाही. लक्षणं दोन आठवड्यांच्या वर चालली असल्याने त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला सांगितलं, आणि आता उपचार सुरू आहेत. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. "फरक पडत नाही" म्हणत त्या मनाने बंद करू नका.

आखातातून किंवा कुठूनही असं कोणी घरी परतलं असेल, तर झोप, जेवण, वागणं चार ओळींत लिहून ठेवा आणि फोन करा. जिवाला धोका वाटला तर त्याला एकटं सोडू नका, लगेच ११२ लावा.