व्येलिच्काची मिठाची खाण आणि आतलं चर्च: जा, पण गुडघे बघून

मीठ म्हटल्यावर पांढरंशुभ्र काहीतरी डोळ्यासमोर येत असेल तर ते आधीच विसरा. पोलंडमधल्या या खाणीतलं मीठ करडं आहे, कुठे हिरवट झाक, लांबून ग्रॅनाइटच वाटतं, त्यामुळे पहिली पाच मिनिटं जरा हिरमोड होतो.

सुरुवातीलाच ३८० लाकडी पायऱ्या, गोल गोल उतरतच राहायचं. उतरताना सगळे गप्पा मारत उतरतात, दुसऱ्या दिवशी पोटऱ्या बोलतात. वर यायला लिफ्ट आहे पण आत एवढं दाटीवाटीने उभं राहावं लागतं की बंद जागेची भीती असणाऱ्यांनी विचार करूनच जावं.

आता मेन गोष्ट, संत किंगाचं (मिठाच्या खाणकामगारांची संरक्षक संत) चर्च. १०१ मीटर जमिनीखाली. तुम्ही आधी वरच्या गॅलरीत येता आणि एकदम अख्खा हॉल खाली दिसतो, ५४ मीटर लांब, झुंबरं लागलेली, तिथे भलेभले गप्प होतात. मग जिन्याने खाली. पायाखाली फरशी बसवलीय असं वाटतं पण तसं काही नाहीये, खालच्या मिठातच फरशीच्या रेघा कोरल्यात, वाकून बघा म्हणजे कळेल. झुंबरांचे लोलकसुद्धा मिठाचेच, फक्त मीठ विरघळवून परत स्फटिक बनवलेत म्हणून काचेसारखे स्वच्छ दिसतात. आणि भिंतीवरचं येशूचं शेवटचं भोजन! कोरीवकाम तसं उथळच आहे पण समोर उभं राहिलं की टेबलामागे खोली आहे असंच वाटतं. हे अंतोनी विरोदेकचं काम. त्याच्या आधी युझेफ आणि तोमाश मार्कोव्स्की हे भाऊ. तिघेही खाणीतलेच लोक, कुठल्या आर्ट कॉलेजचे नाहीत. १८९६ च्या सुमारास सुरू झालेलं काम १९६० च्या दशकापर्यंत चाललं, म्हणजे बघा. पोप जॉन पॉल दुसरे यांचा मिठाचा पुतळा नंतरचा, १९९९ चा. रविवारी इथे अजूनही प्रार्थना होते, लग्नंही लागतात.

मला मात्र त्याहून जास्त आवडलं ते संत अँथनीचं छोटं चर्च, सतराव्या शतकाच्या शेवटचं. तिथल्या मूर्तींची नाकं-डोळे दमट हवेने विरघळून गेलेत, चेहरे नुसते गुळगुळीत. बहुतेक लोक तिकडे बघतही नाहीत. युनेस्कोने १९७८ च्या जागतिक वारशाच्या पहिल्याच यादीत घेतलेली ही खाण याच दमटपणामुळे १९८९ ते १९९८ धोक्यातल्या वारशाच्या यादीत होती. भिंती चाटून बघणारे बरेच असतात, खारटच आहे हो, चला पुढे.

खटकलं काय, तर गाइडशिवाय फिरता येत नाही, आणि ग्रुपच्या स्पीडनेच चालायचं. मागे दुसरा ग्रुप उभाच असतो, त्यामुळे मोठ्या चर्चमध्ये निवांत बसून बघू म्हणाल तर ते विसरा. तिकीट ऑनलाइन स्वतः काढा, एका एजंटने (नाव घेत नाही) रांग चुकवून देतो म्हणून जास्तीचे झ्लॉटी (पोलंडचं चलन) घेतले आणि त्याच रांगेत आणून उभं केलं. जवळच्या क्राकोव शहरातून लोकल ट्रेन आहे, अर्ध्या तासाच्या आत पोचते. आत कायम १७-१८ डिग्री असतं, उन्हाळ्यातही पातळ जॅकेट ठेवा. ग्रिप असलेले बूट. दोन-तीन तास सहज जातात, पाणी आणि खाणं आधी उरका.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो त्या घाईसाठी.