गाडीतला आरसा: गोंद पास, खटका नापास

काल घाटंजीहून पांढरकवड्याला जाताना भर दुपारी आरशात पुन्हा अंधार झाला, म्हणून हे लिहायला बसलो. नाहीतर गाडीतल्या आरशावर कोण लिहितं बाप्पा!

आधी मागचं सांगतो. एप्रिलमध्ये बाजार समितीच्या आवारात गाडी उन्हात उभी होती. येऊन दार उघडलं तर आतला आरसा गिअरपाशी पडलेला, कोपऱ्यात तडा. समोरच्या काचेला धातूचं एक छोटं बटन चिकटवलेलं असतं, त्याच्यावर आरशाची दांडी सरकवून बसवतात. ते बटनच काचेवरून सुटून आलं होतं.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, "सर, बटन कंपनीतूनच काचेला लागून येतं, पूर्ण काच बदलावी लागेल." वर आरशाची असेंब्ली वेगळी. मी हबकलो, तर लगेच, "टेन्शन घेऊ नका, इन्शुरन्समध्ये बसवून देतो, काचेवर घसारा कापत नाहीत." काच जुनी म्हणून पैसे कापत नाहीत, हे घसाऱ्याचं खरं आहे. पण एक क्लेम टाकला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, शून्यावर येतो, त्याबद्दल एक शब्द नाही. माझा बोनस ५० टक्क्यांवर आहे. तो ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या, प्रीमियमवर मिळतो, आणि एकदा गेला की २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या चढत पुन्हा ५० वर यायला पाच वर्षं बिनक्लेमची काढावी लागतात. ज्यांनी बोनस वाचवणारं ॲड-ऑन घेतलंय त्यांनी खुशाल काच बदलावी. मी तिथून चहासुद्धा न पिता निघालो.

गावातल्या गॅरेजमध्ये पोरगा म्हणाला, "भाऊ, कायले टेन्शन घेता, दोन मिन्टात चिपकवून देतो." पाच-दहा रुपयांचा झटपट गोंद लावून खरंच दोन मिनिटांत चिकटवून दिला. भोवती काचेवर पांढुरकी वाफ धरली ती वेगळीच. पुढच्या कडक दुपारी आरसा पुन्हा खाली, आणि या वेळी उभा तुटला. हा गोंद वाळला की कडक आणि ठिसूळ होतो. उन्हात काच वेगळी फुगते, धातू वेगळा फुगतो, त्यात रस्त्याचे हादरे. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, बंद गाडीच्या काचेचं तर बोलायलाच नको. तिथे तो काय टिकणार?

मग यवतमाळहून दोन गोष्टी आणल्या. आरसा चिकटवायचा खास गोंद, ज्याच्यासोबत ॲक्टिव्हेटरची कुपी येते, २८० रुपये. आणि 'युनिव्हर्सल' म्हणून मिळतो तो डे-नाईट आरसा, ज्याचा खटका ओढला की रात्री मागच्या लाईटची चकाकी कमी होते, ४५० रुपये. दुकानदार वरून एक रुंद बहिर्गोल क्लिपचा आरसाही गळ्यात मारत होता. तो घेतला नाही. त्यात मागची गाडी लहान आणि लांब दिसते, ओव्हरटेकच्या वेळी अंदाज चुकतो.

गोंद मी घरीच लावला, सकाळी उन्ह चढायच्या आत, कारण काच तापलेली नको. बटनाची जागा बाहेरून टेप लावून आधीच धरून ठेवली होती, नाहीतर आरसा तिरका बसतो आणि मग जन्मभर मान वाकडी. जुना गोंद ब्लेडने खरवडला, मेडिकलमधल्या स्पिरिटने काच पुसली, बटनाची पाठ पॉलिश पेपरवर घासली. मग ॲक्टिव्हेटर, तो सुकू दिला, गोंदाचा एकच थेंब आणि अंगठ्याने एक मिनिट दाबून धरलं. जास्त गोंद म्हणजे जास्त पक्कं असं इथे नाही, थर पातळ पाहिजे. बटनावर आरसा लगेच चढवला नाही, रात्र जाऊ दिली. बायको म्हणाली, "एवढी काळजी माझ्या मिक्सरची घेतली असती तर!"

मे गेला, पावसाळा गेला, आता कापूस निघत आला. बटन तसूभर हललेलं नाही. गोंदाला पाचपैकी पाच.

आता आरसा. पहिले दोन महिने मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की ४५० मध्ये कंपनीसारखाच आरसा मिळतो. ते वाक्य मागे घेतो, पूर्ण नाही, अर्धं. काच स्वच्छ आहे, चित्र वाकडंतिकडं होत नाही. रात्री हायवे ४४ वर मागून ट्रक डोळ्यांवर लाईट मारतो तेव्हा खटका ओढला की चकाकी एकदम उतरते. ही काच पाचरीसारखी असते, एका बाजूने जाड, एका बाजूने पातळ, आणि चांदीचा लेप पाठीमागे. खटका ओढला की लेपातलं लख्ख प्रतिबिंब छताकडे वळतं आणि आपल्या डोळ्यांना काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरचं फिकट प्रतिबिंब मिळतं, साधारण ४ टक्के उजेडाचं. ना वायर, ना सेन्सर. ज्याने शोधलं त्याला नमस्कार.

पण हाच खटका दिवसा स्वतःच पडतो! खड्ड्यात चाक गेलं की टक्क, आणि आरशात गाडीच्या छताचं कापड, त्यावर मागच्या रस्त्याची भुतासारखी सावली. मागे कापसाने फुगलेला ट्रॅक्टर आहे की एसटी, काही कळत नाही. हात वर करून खटका ढकला, पुढचा खड्डा, पुन्हा टक्क. आमच्याकडच्या रस्त्याने हा उद्योग दिवसभर चालतो. मागे बसलेली आई विचारते, "काहून रे, माशी हे का तिथं?"

खोलून पाहिलं तर दोष अगदी चिल्लर आहे. मूळ आरशाच्या खटक्याला दोन्ही टोकांना खाच असते, तिथे तो अडकून बसतो. याला खाच नुसती नावाला, प्लॅस्टिक गुळगुळीत. पंचवीस पैशांची कंजुषी केली आणि ४५० चा माल बिघडवला. वर दुकानदार म्हणतो, "भाऊ, रस्ता खराब हे, आरशाचा काय दोष?" अरे, मग हा आरसा काय विमानतळावर चालवायचा?

थरथरही आहे, पण त्याबद्दल एवढी तक्रार नाही. भाच्याने सांगितलं की १९११ मध्ये अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत रे हॅरूनने गाडीला आरसा लावला आणि शर्यत जिंकली, पण विटांच्या ट्रॅकवर तो आरसा इतका हलायचा की त्यात काही दिसतच नव्हतं, असं त्यानेच पुढे कबूल केलं. म्हणजे ही परंपराच आहे. शिवाय आरशाला लटकवलेला गजानन महाराजांचा फोटो डॅशबोर्डवर बसवल्यापासून थरथर बरीच कमी झाली. लटकन कुठलंही असो, आरशाला वजन नको.

खटक्यावर सध्याचा इलाज सायकलच्या ट्यूबचा. नखाएवढा तुकडा कापून खटक्याच्या बुडाच्या फटीत कोंबला. घर्षण वाढलं, साधे खड्डे आता पचतात. मोठ्या खड्ड्याला अजून पडतो, काल पडला तो तसाच. रात्री मुद्दाम ओढायचा असला तर बोटाला जरा जोर लागतो, तेवढं चालतं.

तरी कोणाला घ्यायचाच असेल तर दुकानातच आरसा हातात धरून मनगटावर दोन-तीनदा आपटून बघा. खटका पडला तर तिथेच ठेवून द्या. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या. दांडीचं तोंड आपल्या बटनावर बसतं का तेही तिथेच पाहा, 'युनिव्हर्सल' लिहिलेलं सगळ्याच गाड्यांना बसत नाही.

मी स्वतः आता वर्ध्याच्या एका भंगारवाल्याच्या मागे लागलो आहे. त्याच्याकडे माझ्याच मॉडेलची ठोकलेली गाडी उभी आहे, आरसा शाबूत, खटका एकदम कडक. तो ३५० म्हणतो, मी ३०० वर आहे. संक्रांतीनंतर पुन्हा फोन करणार.