जर्मनीत एक सेमिस्टर आणि त्यात बिझनेसचे विषय: परतून सात महिन्यांनी लिहितेय

मी पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजची, मेकॅनिकलची. तिसऱ्या वर्षी एक्स्चेंजवर एका सेमिस्टरसाठी जर्मनीला गेले, ऑक्टोबर 2024 ते मार्च 2025. तिथे यंत्रांचे विषय कमी करून बिझनेसचे तीन घेतले. जायच्या आधी मीही असे अनुभव शोधत होते. सापडले ते एक तर ‘आयुष्यच बदललं’ छापाचे, नाहीतर एजंटांनी लिहून घेतलेले. मार्क, क्रेडिट आणि पैसे या तिन्हींचा निकाल लागेपर्यंत थांबले, म्हणून एवढा उशीर.

मार्केटिंग ठीक होतं. उद्योजकतेच्या वर्गात शनिवार-रविवार बसून ॲपची कल्पना ‘पिच’ करायची होती. आमच्या गटाने जुन्या सायकली भाड्याने द्यायचं ॲप काढलं, शेजारच्या गटानेही तेच काढलं. मजा आली, शिकलीस काय ते मात्र विचारू नका. पैसे वसूल झाले ते अकाउंटिंगमध्ये. आणि हा विषय मी घेतला कशाला, तर वेळापत्रकात मंगळवार रिकामा राहत होता म्हणून.

पहिले तीन आठवडे डोक्यावरून गेले. बँकेत पैसे आले की मेसेज येतो ‘क्रेडिटेड’; मग माझ्या वहीत बँक ‘डेबिट’ कशी? शेवटी काकांना फोन लावला. काकांचं रविवार पेठेत दुकान आहे, लग्नकार्याला भांडी भाड्याने देतात. बारावी कॉमर्स, पण रोजमेळ आजही स्वतः लिहितात. म्हणाले, “अगं, पासबुक ही बँकेची वही. तिच्या वहीत तू देणेकरी की धनको?” धनको. म्हणजे माझे पैसे हे बँकेचं देणं, म्हणून तिच्याकडे जमा, म्हणजे क्रेडिट. माझ्याकडे तीच बँक येणं, म्हणून नावे, म्हणजे डेबिट. एवढं सांगून म्हणाले, “येईल ते नावे, जाईल ते जमा. ठेव आता, गिऱ्हाईक आहे.”

त्याच महिन्यात वर्गात बाटलीचा प्रश्न आला. जर्मनीत पाण्याची प्लॅस्टिकची बाटली घेतली की वर 25 सेंट अनामत द्यावी लागते, रिकामी बाटली मशीनमध्ये टाकली की परत मिळते. प्रश्न असा, की दुकानदाराने हे 25 सेंट कशात धरायचे? मी बेधडक विक्रीत धरले. अर्थात चूक. ते देणं आहे, बाटली परत आली की द्यावंच लागणार. आणि हे मला लहानपणापासून ठाऊक असायला हवं होतं! काकांच्या गल्ल्याशेजारी बिस्किटांचा पत्र्याचा डबा असतो, कढई-पातेल्यांची अनामत त्यात जाते. त्यातले सुट्टे मागितले तर काका हातावर फटका द्यायचे: “ते आपले नव्हेत.” प्रोफेसरांनी याच्यावर अख्खा तास घेतला.

जर्मन व्यापारी कायदा 1900 पासून लागू आहे आणि स्वभावाने अगदी सदाशिव पेठी आहे. गोदामातल्या मालाचा भाव पडला तर तोटा आत्ताच लिहा. चढला तर माल विकला जाईपर्यंत गप्प बसा. हे वाक्य काकांना इतकं आवडलं की त्यांनी दुकानात दोन-तीन जणांना ऐकवलं.

आता त्रासाचं. तिथे सबमिशन नाही, इंटर्नल नाही, 75 टक्के हजेरीची धमकी नाही. नव्वद मिनिटांचा एक पेपर, सगळे मार्क त्याच्यावर. आपल्याला मागे कोणीतरी लागल्याशिवाय अभ्यास करायची सवय नसते. डिसेंबरभर मी ख्रिसमसच्या बाजारांत हिंडले आणि जानेवारीत रडले. त्यातून विषयाला नाव नोंदवलं म्हणजे परीक्षेला नोंदवलं असं होत नाही, ते पोर्टलवर वेगळं करावं लागतं. मार्केटिंगची तारीख माझी हुकली. क्रेडिट गेले, दोष माझाच. अकाउंटिंगला 2.3 मिळाले. तिकडे 1.0 सर्वोत्तम, 4.0 ला पास, 5.0 म्हणजे नापास. हे आईला समजावेपर्यंत ती दोन दिवस ‘दहापैकी 2.3’ धरून बसली होती.

क्रेडिटचा घोळ इथे आल्यावर. जाण्यापूर्वी कोणते विषय घेणार याच्या कागदावर कॉलेजची सही-शिक्का लागतो. मार्केटिंग आणि उद्योजकता त्यावर होते. अकाउंटिंग मी तिथे पोचल्यावर घेतलं, म्हणून त्याची सही नव्हती. मग ‘मेकॅनिकलच्या मुलीला हे कशाला’ इथपासून सुरुवात. चार महिने, सहा-सात फेऱ्या, आणि शेवटी ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे शाखेबाहेरचा ऐच्छिक विषय, म्हणून धरलं. विषय बदललात तर त्याच आठवड्यात मेल करून लेखी होकार घ्या, आणि सिलॅबसची प्रत सोबत जोडा. तोंडी ‘बघू’ला काही किंमत नाही.

पैशाचं थोडक्यात: एक्स्चेंजमध्ये तिथली फी नव्हती, पण व्हिसासाठी महिन्याला 992 युरो या हिशोबाने रक्कम अडकवून दाखवावी लागली. युरो तेव्हा नव्वदीच्या आसपास. शहराबाहेर फिरायला घेतलेला महिन्याचा पास जानेवारीत 49 चा 58 युरो झाला. फक्त बिझनेसच्या तीन विषयांसाठी एवढा खर्च करू नका. एरवी जाणारच असाल तर एक विषय घ्या, आणि तो चकचकीत नावाचा नको, हिशोबाचा घ्या.

परतल्यापासून रविवारी सकाळी काकांची वही एक्सेलमध्ये चढवते. मागच्या महिन्यात अनामतीचा डबा पूर्ण उपसला. तळाशी एक पाकीट निघालं, वर पेन्सिलीने ‘2 घंगाळी, परत नाही’. आत पाचशेची जुनी नोट, 2016 ला बाद झालेली. मी समजावायला लागले: घंगाळी गेली, नोटही गेली, म्हणजे तोटा दुहेरी आणि तो लिहायला हवा; तो माणूस उद्या घंगाळी घेऊन आलाच, तर ती परत मिळतील पण पाचशेचं देणं उभंच आहे. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं, नोट पाकिटात घातली आणि पाकीट परत डब्याच्या तळाशी ठेवलं.