दाट जंगलातल्या हरणासाठी छोटा स्कोप: २.५×२०, १.५-५×२० की २-७×३३?

पंचवीस यार्डांवर हरीण उभं होतं आणि रायफलवरच्या स्कोपमध्ये, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीत, मला नुसते तपकिरी केस दिसत होते. खांदा कुठला, पोट कुठलं, तोंड कुठल्या बाजूला, काही कळेना. स्कोप ३-९×४० होता आणि झूमची कडी सकाळपासून ९ वरच राहिली होती. ९ पटीला शंभर यार्डांवर साधारण १४ फूट रुंदीचा तुकडा दिसतो, म्हणजे पंचवीस यार्डांवर जेमतेम साडेतीन फूट. हरणाचं धडच तेवढं भरतं. मी कडी फिरवेपर्यंत त्याने शेपटीचा पांढरा पंखा उभारला आणि लॉरेलच्या झुडपांत उडी घेतली.

पेनसिल्व्हेनियातला तो माझा पहिला हंगाम. गेल्या आठवड्यात इथल्याच एका मराठी मित्राने .३०-३० काडतुसाची जुनी मार्लिन ३३६ ही लिव्हर रायफल घेतली आणि विचारलं, "यावर कुठला स्कोप बसवू?" भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार जवळजवळ बंद झाली. त्यामुळे इथे येऊन परवाना काढणाऱ्या आपल्या बहुतेकांना घरातून कुणी हे शिकवलेलं नसतं. दुकानदार देईल तो स्कोप आपण घेतो, आणि दुकानदार बहुतेक वेळा ३-९×४० पुढे करतो. मोकळ्या शेतांवर, दीड-दोनशे यार्डांवर तो चांगलाच आहे. पण इथल्या ओक आणि हेमलॉकच्या जंगलात माझी बहुतेक हरणं ऐंशी यार्डांच्या आत दिसली आहेत, तीही झाडांच्या फटींतून आणि काही सेकंदच. अशा ठिकाणी हरीण मोठं दिसण्यापेक्षा ते स्कोपमध्ये पटकन सापडणं महत्त्वाचं.

आधी आकड्यांचं बघू. × च्या आधीचा आकडा किती पट मोठं दिसेल हे सांगतो (३-९ म्हणजे तीन ते नऊ पट), नंतरचा पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. व्यासाला पटीने भागलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. तरुण माणसाची बाहुली अंधारात ७ मिलिमीटरच्या आसपास उघडते आणि वयानुसार हे कमी होतं. पन्नाशीनंतर अनेकांची ५ च्या पुढे जात नाही. बाहुलीपेक्षा जाड झोत आला तरी डोळा तो जास्तीचा प्रकाश घेऊ शकत नाही. त्याचा उपयोग एवढाच की डोकं जरा इकडेतिकडे झालं तरी चित्र काळं पडत नाही. म्हणून "काच मोठी तेवढा उजेड जास्त" हे अर्धंच खरं आहे. ९ पटीला ४० ची काच ४.४ मिलिमीटरचा झोत देते आणि ४ पटीला २० ची इवलीशी काच ५ मिलिमीटरचा.

आता २.५×२०. पट ठरलेली, कडी नाही, फिरवायचं काही नाही. ल्युपोल्डचा अल्ट्रालाइट हा यातला नावाजलेला. वजन १८५ ग्रॅमच्या आत आणि लांबी जेमतेम आठ इंच. शंभर यार्डांवर चाळीस फुटांच्या आसपास दिसतं, म्हणजे पंचवीसवर दहा फूट. अख्खं हरीण मावतं, आजूबाजूचं झुडूपही दिसतं आणि मधली फांदीही लक्षात येते. डोळा काचेपासून जवळजवळ पाच इंच दूर ठेवता येतो. जोरात धक्का देणाऱ्या बंदुकीवर या अंतराची किंमत कळते, कारण जवळ डोळा लावणाऱ्यांच्या भुवईवर स्कोपची कडा उमटते. हा स्कोप मला मनापासून आवडतो, कारण ऐनवेळी विसरण्यासारखं त्यात काही उरत नाही. उणीव मात्र खरी आहे. शंभर यार्डांपलीकडे, संध्याकाळच्या सावलीत, हरणाच्या खांद्यापुढे बारीक फांदी आहे की नाही हे अडीच पटीत कळत नाही. शिवाय तो इतका आखूड आहे की .३०-०६ सारख्या लांब काडतुसाच्या बोल्ट रायफलवर स्कोप पकडणाऱ्या दोन्ही रिंगा त्याच्या नळकांड्यावर बसत नाहीत. त्यासाठी रेल, म्हणजे बंदुकीवर बसवायची सलग पट्टी लागते. विकत घेण्याआधी बंदुकीवर रिंगा बसतात त्या दोन माऊंटमधलं अंतर टेपने मोजाच.

१.५-५×२० आणि त्याचा भाऊ १.५-४×२० पायी फिरून शिकार करणाऱ्यांचे. दीड पटीला शंभर यार्डांवर सत्तर फुटांच्या आसपास दिसतं. दोन्ही डोळे उघडे ठेवून बंदूक खांद्याला लावली की फुली, म्हणजे स्कोपमधली नेमाची खूण, आपोआप हरणावर येते. वजन पावणेतीनशे ग्रॅमच्या आत. पाच पटीला झोत ४ मिलिमीटरवर येतो, त्यामुळे शेवटच्या वीस मिनिटांत कडी ३ किंवा ४ वर ठेवावी. आणखी एक फायदा दुकानात लक्षात येत नाही. याचं पुढचं टोक सरळ नळीसारखं असतं, भोंग्यासारखं रुंद होत नाही, त्यामुळे सगळ्यात बुटक्या रिंगा चालतात आणि स्कोप बंदुकीच्या नळीला लगटून बसतो. मार्लिनचा दस्ता उघड्या माशीने नेम धरायला कापलेला, म्हणजे खालच्या बाजूला. त्यावर उंच स्कोप बसवला की गाल लाकडावरून उचलावा लागतो, मान अधांतरी राहते आणि घाईत चित्र सापडत नाही. ४० च्या काचेला उंच रिंगा घ्याव्या लागतात, तिथेच ही गडबड सुरू होते.

२-७×३३ मधला. दोन पटीला ४४ फुटांच्या आसपास देखावा, सात पटीला ४.७ मिलिमीटरचा झोत, वजन सव्वातीनशे ग्रॅमच्या आत. इथे हरणासाठी कायदेशीर वेळ सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत असते. मचाणावर बसून त्या कडेच्या मिनिटांची वाट बघणाऱ्याला ३३ ची काच २० पेक्षा खरोखर उपयोगी पडते: पाच पटीला साडेसहा मिलिमीटरचा झोत, तोही नको इतकं वजन न वाढवता. मचाणासमोर शेताची कड किंवा वीजतारांखालची मोकळी पट्टी असेल तर दीडशे यार्डांवर सात पट पुरते. एकच रायफल आणि एकच स्कोप ठेवायचा असेल तर हाच घ्या.

१-६×२४ सध्या सगळीकडे दिसतात. जर्मनी-ऑस्ट्रियाकडच्या हाकाऱ्याच्या शिकारीत, पळत्या रानडुकरावर, लाल ठिपक्याचा असा स्कोप फार चांगला चालतो. स्वारोव्स्कीचा झेड-सिक्स-आय त्यासाठीच नावाजलेला. एका पटीला तो जवळपास नुसत्या डोळ्यासारखा वाटतो. पण बहुतेक मॉडेल्स साडेचारशे ते सहाशे ग्रॅमची आणि लांबलचक. तीन किलोच्या जरा वर असलेल्या मार्लिनवर एवढं ओझं चढवलं की तिचा तोल जातो, आणि तोल हाच तिचा गुण आहे. घ्यायचाच असेल तर झूमबरोबर फुली लहान-मोठी होते त्या प्रकारचा नको. एका पटीला ती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक होते आणि फांद्यांच्या पार्श्वभूमीवर हरवते. जंगलासाठी बाहेरून जाड, मध्ये बारीक अशी साधी फुलीच बरी.

नुसता रेड डॉटही, म्हणजे मोठं न करता फक्त लाल ठिपका दाखवणारी काच, काहीजण सुचवतात. दृष्टिवैषम्य (अ‍ॅस्टिग्मॅटिझम) असेल तर तो ठिपका तारा किंवा स्वल्पविराम होऊन दिसतो. आधी दुकानात डोळा लावून पाहा.

एक गोष्ट मात्र माझ्या त्या पहिल्या चुकीमुळे ठासून सांगतो. कडी ९ वर राहिली, कारण मी स्कोपमधून समोरचा उतार न्याहाळला होता. स्कोपमधून जे बघता त्याच्यावर बंदूक रोखलेली असते. उतारावर नारिंगी जाकीट घातलेला दुसरा शिकारी असता तर मी त्याच्यावर भरलेली रायफल धरली असती. हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो. म्हणून कमी पटीचा स्कोप आणि गळ्यात ८×३२ ची दुर्बीण, ही जोडी मी सोडत नाही. ओळखायचं काम दुर्बिणीचं, नेमाचं काम स्कोपचं. स्कोपवर वाचलेले पैसे दुर्बिणीत घाला.

मित्राला मी १.५-५×२० सांगितला आहे. तो बसून राहणारा नाही, सकाळभर ओढ्याच्या काठाने हळूहळू चालणारा आहे. मार्लिन ३३६ रिकामं काडतूस उजव्या बाजूने फेकते आणि तिची पाठ भरीव असते, त्यामुळे स्कोप बरोबर मधोमध बसतो. वर फेकणाऱ्या जुन्या विंचेस्टर ९४ वर हे जमत नाही. फक्त मार्लिनवर स्कोपचं मागचं टोक घोड्याच्या वर येतं आणि थंडीत हातमोज्याच्या अंगठ्याने घोडा ओढताना तो निसटू शकतो. त्यासाठी घोड्याला बाजूने लावायची छोटी खुंटी मिळते. ती स्कोपबरोबरच मागवायला सांगितली आहे, घोड्यावर घट्ट बसवून, न भरलेल्या बंदुकीवर हातमोजे घालून सराव करायचा. मग रेंजवर शंभर यार्डांवर गोळी दीड इंच वर लागेल असा नेम लावला की .३०-३० ला दीडशे यार्डांपर्यंत थेट खांद्यावर फुली धरता येते. आणि जंगलात पाऊल टाकताना कडी दीडवर.