‘नारुतो’चा वारसा ‘बोरुतो’ला पेलतो का?

नावाजलेल्या पैलवानाचा मुलगा पहिल्यांदा मैदानात उतरतो तेव्हा आमच्या कोल्हापुरात लोकांची नजर त्याच्या डावापेक्षा त्याच्या अंगात बाप किती उतरला आहे याकडे अधिक असते. पोरगा जिंकला तर रक्ताचे कौतुक होते आणि हरला तर बापाच्या जुन्या कुस्त्या पुन्हा सांगितल्या जातात; दोन्ही वेळी पोराच्या स्वतःच्या मेहनतीचा हिशेब कोणी मांडत नाही. मे २०१६ मध्ये ‘बोरुतो: नारुतो नेक्स्ट जनरेशन्स’ ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, सुरू झाली तेव्हा तिच्या नायकावर आणि तिच्या निर्मात्यांवर हेच ओझे होते. मासाशी किशिमोतो यांची ‘नारुतो’ १९९९ ते २०१४ अशी पंधरा वर्षे ‘शोनेन जम्प’ या साप्ताहिकात चालली आणि ७०० प्रकरणे, ७२ खंड एवढा विस्तार करून संपली. एवढ्या मोठ्या कथेच्या नायकाच्या मुलाची गोष्ट सांगताना ती बापाच्या तोडीची ठरते का, हा प्रश्न मी गेली काही वर्षे गांभीर्याने स्वतःला विचारत आलो आहे. माझे उत्तर पूर्ण नकाराचे नाही, पण होकाराचेही नाही. ते नीट मांडायचे तर कथेतली काही वळणे उघड करावी लागतील, याची वाचकांनी नोंद घ्यावी.

‘नारुतो’ मी कॉलेजात असताना वाचली. ‘बोरुतो’ वाचली ती भाच्याबरोबर, खंडामागून खंड, गंगावेशीतल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवर. भाच्याने आधी ‘बोरुतो’च हातात घेतली होती, म्हणून त्याला ‘नारुतो’ मागून वाचायला लावली. पहिल्या दहा-बारा खंडांनंतर त्याने विचारले, “मामा, ह्यात हा सारखा सरावच का करतोय?” दोन मांगांमधला सगळा फरक त्या प्रश्नात आला होता.

‘नारुतो’ ही मूलतः मेहनतीची गोष्ट आहे. गावाने वाळीत टाकल्यासारखा वागवलेला, आईबाप नसलेला, परीक्षेत तीनदा नापास झालेला मुलगा गावप्रमुख, म्हणजे होकागे, होण्याचे स्वप्न पाहतो. किशिमोतो यांचे मोठेपण असे की ते या स्वप्नाला भाषणांवर सोडून देत नाहीत. मेहनत प्रत्यक्ष चौकटींमध्ये दाखवतात. रासेनगान हे तंत्र शिकण्याचा भाग त्याचे उत्तम उदाहरण आहे. गुरू जिराइया आधी पाण्याने भरलेला फुगा हातातल्या ऊर्जेने फोडायला सांगतो, मग रबरी चेंडू, आणि शेवटी हवेने भरलेल्या फुग्यात तीच ऊर्जा फुगा न फुटता कोंडून धरायला लावतो. प्रत्येक पायरीवर नारुतो अडतो, तळहात सोलवटून घेतो, चुकीची वाट धरतो आणि शेवटी एका हाताने जमत नाही म्हणून स्वतःच्याच प्रतिरूपाचा हात मदतीला घेतो. ज्याने लहानपणी पहाटे तालमीत जोर काढले आहेत आणि एकच डाव महिनाभर घोटूनही वस्तादांनी ‘अजून नाही’ म्हटलेले ऐकले आहे, त्याला हा भाग वाचताना अंगात काय होते ते वेगळे सांगायला नको. पुढे तेच तंत्र नारुतोने शत्रूवर वापरले की त्या वाराचे वजन वाचकाला कळते, कारण त्यामागचे दिवस त्याने पाहिलेले असतात.

‘बोरुतो’ची सुरुवात हाच धागा मोठ्या हुशारीने उलटा धरते, हे मान्य केले पाहिजे. येथे नारुतो होकागे झालेला आहे, गावात शांतता आहे आणि त्याच्या मुलाला कशाचीच वाण नाही. वाण आहे ती फक्त बापाच्या सहवासाची. चुनिन, म्हणजे मधल्या दर्जाचा निंजा, होण्याच्या परीक्षेत बापाने आपल्याकडे पाहावे एवढ्यासाठी बोरुतो मनगटावर एक यंत्र बांधतो, ज्यात दुसऱ्यांनी केलेली तंत्रे भरून ठेवता येतात, आणि त्याच्या जोरावर सामने मारतो. लबाडी उघड होते. भर मैदानात, सगळ्यांच्या देखत, बाप स्वतः मुलाच्या कपाळावरची निंजाची पट्टी काढून घेतो. ज्या पट्टीसाठी नारुतोने बालपण जाळले, ती मुलाने इतकी स्वस्त करावी, याचे दुःख त्या प्रसंगात आहे. आणि बाप म्हणून आपण कुठे कमी पडलो याची टोचणीही आहे. २०१५ च्या चित्रपटातून आलेला हा भाग मांगेतही पहिल्या मोजक्या खंडांत आहे. खंत अशी की एवढा मोठा प्रश्न उभा करून कथा तो तिथेच ठेवून पुढे निघून जाते.

कारण त्यानंतर बोरुतोला बळ मिळते ते कमावलेले नसते. मोमोशिकी नावाचा परग्रहावरचा शत्रू मरताना बोरुतोच्या तळहातावर एक खूण सोडून जातो. इंग्रजीत तिला ‘कर्मा’ म्हटले आहे, त्यामुळे मराठी वाचकाच्या मनात भलतेच अर्थ उभे राहतात. मूळ जपानीत मात्र तो शब्द पाचर या अर्थाच्या चिन्हाने लिहिला जातो, आणि तेच अधिक समर्पक आहे. ही पाचर शरीरात ठोकली गेली की माणूस हळूहळू त्या शत्रूला वसायचे भांडे, म्हणजे त्याचे पात्र, बनत जातो आणि त्या बदल्यात त्याला अफाट ताकद मिळते. कल्पना भयाण आहे आणि चांगली आहे. तरीही जी ताकद अंगावर लादली जाते तिच्या चढत्या पायऱ्या वाचकाला मोजता येत नाहीत. आज बोरुतो किती बलवान आहे, हे पुढच्या संवादात कोणी शास्त्रज्ञ समजावून सांगेपर्यंत कळत नाही. आमादो या पात्राने घातलेली अशी स्पष्टीकरणे पानेच्या पाने चालतात आणि कुस्ती थांबवून पंचाने नियमावली वाचावी तसे वाटते.

प्रकाशनाची पद्धतही येथे आड आली. ‘नारुतो’ दर आठवड्याला येत असे. ‘बोरुतो’ महिन्यातून एकदा, सुमारे चाळीस पानांच्या प्रकरणांतून आली आणि २०१९ मध्ये ती ‘व्ही जम्प’ या मासिकात गेली. एप्रिल २०२३ मध्ये पहिला भाग संपला तेव्हा सात वर्षांत ८० प्रकरणे, २० खंड झाले होते. महिनाभर थांबलेल्या वाचकाला प्रत्येक वेळी काहीतरी मोठे घडलेले हवे असते, आणि मग जे लहान, संथ, घरगुती असते ते आधी कापले जाते. सर्वांत जास्त मार बसला तो सोबतच्या पात्रांना. ‘नारुतो’त रॉक लीने पायांना बांधलेली वजने उतरवून जमिनीवर टाकली तो क्षण कोणी विसरू शकत नाही, गुरू आसुमाच्या मृत्यूनंतर शिकामारूने घेतलेला सूड ही स्वतंत्र कादंबरी व्हावी एवढी भरीव कथा आहे. ‘बोरुतो’त शिकादाई, इनोजिन, चोचो या पुढच्या पिढीतल्या मुलांना मुख्य कथेत जेमतेम उभे राहायला जागा मिळते. मित्सुकीसारखे विलक्षण पात्रसुद्धा बराच काळ नुसते शेजारी उभे असते.

पण सगळा दोष मुलाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परग्रहावरून आलेले ओत्सुत्सुकी कुळ ही ‘बोरुतो’ची निर्मिती नाही, ‘नारुतो’च्या शेवटच्या युद्धात त्या कुळातली कागुया अचानक अवतरली तेव्हाच हे बी पेरले गेले होते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, नेजी या प्रतिस्पर्ध्यासमोर उभा राहून ‘नशीब जन्मावर ठरत नाही’ हे स्वतःच्या मुठीने सिद्ध करणारा नारुतो पुढे चौथ्या होकागेचा मुलगा निघाला आणि त्याही पुढे पुराणपुरुषाच्या पुत्राचा पुनर्जन्म ठरला. मेहनतीच्या गोष्टीवर रक्ताची मोहोर तिथेच उमटली. मला ‘नारुतो’ मनापासून प्रिय आहे आणि म्हणूनच हे लिहिताना जड जाते, पण मुलाच्या कथेत जे खटकते त्यातले पुष्कळसे बापाच्या कथेच्या उत्तरार्धात आधीच होते.

चित्रांबद्दल थोडे. ‘बोरुतो’ची चित्रे मिकिओ इकेमोतो यांची आहेत, ते किशिमोतो यांचे जुने सहायक. त्यांची रेषा बारीक, पात्रांचे कपडे आधुनिक, चेहरे काहीसे थंड आहेत. किशिमोतो यांच्या चौकटीत माणूस कुठे उभा आहे, वार कुठून आला, पाय कुठे पडला हे स्वच्छ दिसते, आणि म्हणून त्यांच्या लढतीत डाव दिसतो. तेमारीविरुद्ध शिकामारू सावलीची लांबी, ढळणारा सूर्य आणि जमिनीतले भोक यांचा हिशेब मांडून तिला पकडतो, तेव्हा वाचक त्याच्याबरोबर विचार करत असतो. इकेमोतो यांच्या लढती देखण्या असतात, पण पुष्कळदा किरण, स्फोट आणि धूर यांतच संपतात. अपवाद जिगेन या खलनायकाविरुद्ध नारुतो आणि त्याचा मित्र सास्के यांच्या लढतीचा: जिगेन वस्तू सूक्ष्म करून ऐनवेळी पुन्हा मोठ्या करतो, हे सास्के हळूहळू ताडतो, आणि बऱ्याच दिवसांनी डोक्याने लढलेली कुस्ती पाहायला मिळते.

आता जिथे ‘बोरुतो’ खरोखर उंच जाते तिथे येतो, आणि ती जागा कावाकीची आहे. दारुड्या बापाने विकलेला, जिगेनने आपले पात्र म्हणून छळून वाढवलेला हा मुलगा नारुतोच्या घरात येतो. त्याच्या हातून बोरुतोच्या लहान बहिणीची, हिमावारीची, फुलदाणी फुटते. दुसरी आणली तरी भागणार नाही, हे त्याला हळूहळू कळते आणि तो फुटलेले तुकडे एकेक करून जोडत बसतो. या प्रसंगात स्फोट नाही, आकाशातून कोणी उतरत नाही, आणि तरी ‘बोरुतो’च्या वीस खंडांत माझ्या लेखी याहून मोठे काही नाही. पुढे नारुतोवर येणारा वार तो स्वतःच्या हातावर झेलतो आणि तो हात गमावतो. बापाचे प्रेम मिळवण्यासाठी लबाडी करणारा पोटचा मुलगा आणि त्याच प्रेमासाठी हात देणारा परका मुलगा एका छपराखाली राहतात, ही मांडणी ‘नारुतो’तही नव्हती.

कोल्हापूरच्या वाचकाला दत्तकाची गोष्ट नवी नाही. कागलच्या घाटग्यांच्या घरातला यशवंतराव १८८४ मध्ये दत्तक आला आणि शाहू महाराज झाला. ज्या खासबागेत आम्ही कुस्त्या पाहत मोठे झालो ते मैदानही त्यांनीच १९१२ मध्ये उभारले. दत्तक आलेला माणूस घराचे नाव पोटच्या मुलापेक्षा मोठे करू शकतो, हे या गावाला शिकवावे लागत नाही. म्हणूनच कावाकीचे पुढचे वळण मला फार लागले. त्याची माया इतकी एकमार्गी होते की नारुतोला वाचवायचे म्हणून तो बोरुतोला मारायला निघतो, आणि नारुतो आड येऊ नये म्हणून त्याला आणि त्याच्या बायकोला, हिनाताला, काळ थांबलेल्या अवकाशात कोंडून ठेवतो. नोव्हेंबर २०२० पासून, म्हणजे ५२ व्या प्रकरणापासून, लेखन उक्यो कोदाची यांच्याकडून पुन्हा किशिमोतो यांच्या हाती आले. कथेने हा धीर त्यानंतर दाखवला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. नारुतोच्या शरीरात कोंडलेल्या कोल्ह्याचा, कुरामाचा, मृत्यूही त्याच काळातला. आपल्या जिवाची किंमत नारुतोपासून लपवून ठेवून तो कोल्हा शेवटची लढाई लढतो. ७०० प्रकरणांची सोबत चार पानांत संपते आणि वाचणाऱ्याला पुस्तक खाली ठेवावे लागते.

पहिल्या भागाच्या शेवटी एइदा या मुलीच्या सामर्थ्यामुळे साऱ्या जगाच्या आठवणी उलटतात: कावाकी होकागेचा मुलगा ठरतो आणि बोरुतो होकागेचा खुनी. ज्या मुलाला सगळे जन्माने मिळाले होते त्याच्याकडून ते एका क्षणात काढून घेतले जाते आणि तो बापाच्या बालपणात जाऊन पडतो, गावाने नाकारलेला. स्वतःची आठवण काहीही सांगत असली तरी लेकीच्या, सारादाच्या, शब्दावर सास्के बोरुतोला घेऊन गाव सोडतो, ते मला ‘नारुतो’च्या उत्तम प्रसंगांच्या पंक्तीत बसवावेसे वाटते. मात्र हे साधले ते पुन्हा एका बाहेरून पडलेल्या चमत्काराने, ही बोचही राहते.

ऑगस्ट २०२३ पासून सुरू झालेला ‘टू ब्लू व्हॉर्टेक्स’ हा दुसरा भाग तीन वर्षांनंतरची कथा सांगतो आणि तो पहिल्यापेक्षा बराच बांधेसूद आहे. वाक्ये कमी झाली आहेत, शत्रूंना स्वभाव आला आहे. जुरासारखा पुस्तके वाचणारा, माणसांबद्दल कुतूहल असलेला शत्रू मी विसरणार नाही. बोरुतो आता शांत, कमी बोलणारा, कष्टांनी घडलेला वाटतो. पण ती तीन वर्षे आपल्याला फारशी दिसलीच नाहीत. ज्या मेहनतीसाठी पहिल्या मांगेने खंडच्या खंड दिले, ती येथे दोन प्रकरणांमधल्या मोकळ्या जागेत उरकली गेली. तालमीत न पाहिलेला पैलवान थेट मैदानात पाहावा तसे हे आहे: शरीर दिसते, घाम दिसत नाही.

ज्यांना वाचायचे आहे त्यांनी ‘नारुतो’ आधी वाचावी, निदान पेन या शत्रूच्या हल्ल्यापर्यंत तरी, आणि ‘बोरुतो’ कावाकी घरात येईपर्यंत चिकाटीने वाचत राहावी. नवी प्रकरणे ‘मांगा प्लस’ या ॲपवर इंग्रजीत अधिकृतपणे मिळतात. छापील खंड घेताना मात्र कागद आणि छपाई पाहून घ्यावी. एका विक्रेत्याने मला पाठवलेले दोन खंड नकली निघाले आणि त्यांतल्या रात्रीच्या प्रसंगांत इकेमोतो यांची बारीक रेषा काळ्या शाईत पार बुडून गेली होती. ते मी परत केले.

भाचा आता ‘नारुतो’ पूर्ण वाचून पुन्हा ‘बोरुतो’कडे वळला आहे. नारुतो अजून त्या थांबलेल्या काळात कोंडलेला आहे. तो बाहेर येईल आणि एक मुलगा डोळ्यावर व्रण घेऊन, दुसरा त्याचे नाव लावून त्याच्यासमोर उभे असतील, तेव्हा तो आधी कोणाकडे पाहील, यावर आम्हा दोघांचे अजून एकमत झालेले नाही.